मार्च-आउट

क्वार्टर सोडताना भिंती जशा मिळाल्या तशाच परत द्यायच्या.
रंग मॅग्नोलिया,
म्हणजे धड पांढरा नाही, धड पिवळा नाही,
दूध नासायच्या जरा आधीचा.
टिडवर्थला तोच, पाडरबॉर्नला तोच,
इथे यॉर्कशरात, केटरिकलाही तोच.

आई स्टुलावर चढून खिळे उपटते.
एक घड्याळाचा, एक लग्नाच्या फोटोचा,
आणि दारावर मधोमध, क्रुसाचा.
क्रूस सागाचा, जालन्याच्या मिशन कंपाउंडातल्या
इनासकाकांनी घडवलेला, एक बाहू किंचित आखूड.
टॉवेलात गुंडाळलेला तो सगळ्यात शेवटी खोक्यात जातो
आणि सगळ्यात आधी बाहेर येतो.
भोकात आई फिलर भरते, सुरीच्या पाठीने सपाट करते,
मग बोटांनी चाचपते,
योनाचा ताप उतरला का बघते तशी.
"कळतंय का गं, कुठं होता?"
नाही कळत, मी म्हणते.
ती खूश होते. मी होत नाही.

मी सुवार्ता ओहोळ. शाळेत सू.
चौथ्या शाळेत मीच आधी सांगून टाकलं, सू म्हणा,
उगाच हजेरीला बाईंनी अडखळायला नको.
कुठली तू? टिडवर्थची.
नाही, म्हणजे मुळात?
मुळात जालना, जिथे मी आयुष्यात सात आठवडे राहिलेय.
मग ख्रिस्ती कधी झालात?
पणजोबांच्या वेळी, की त्यांच्याही आधी, घरात एकमत नाही.
आणि तुम्ही कधी झालात, असं ओठांवर येतं.
राहू दे. दोन वर्षांत जायचंच असतं.

योनाला मराठीत फक्त प्रार्थना येते.
देवाकडे रोजची भाकर बिनचूक मागतो,
आजीकडे फोनवर चपाती मागता येत नाही.

पप्पा एस्टोनियात.
स्क्रीनवर चेहरा गोठतो, तोंड उघडं,
मागून आवाज पोचतो: "सलाम, बाळा."
आमच्यात सलामच म्हणतात,
उपासनेनंतर, दारात, हात हातात घेऊन.
तोच हात पप्पा कर्नलसमोर कपाळाला नेतात.
लहानपणी मला वाटायचं,
कर्नलसाहेबही आपल्याच मंडळीतले.

माळावर लाल बावटा चढला की गोळीबार सुरू.
मेंढ्या मान वर करत नाहीत.
एका रविवारी पाद्री शत्रूवर प्रेम करण्याविषयी बोलत होते
आणि चॅपेलच्या काचा थरथरत होत्या,
कुणीच वर बघितलं नाही. मीही नाही.
गळ्यात त्यांच्या पांढरी पट्टी, पायात लष्करी बूट.
नंतर चहाच्या रांगेत मी विचारलं,
दोन्ही कसं जमतं तुम्हाला?
ते बराच वेळ बिस्किट बुडवत राहिले.
बिस्किट तुटून कपात पडलं.
"धड जमत नाही," म्हणाले.
तेव्हापासून मी त्यांचं प्रवचन ऐकते.
त्याआधी खिडक्या मोजायचे. अकरा आहेत.

उद्या नऊला तपासनीस येणार, हातात पाटी, यादी.
ओव्हन घासून झाला. पडद्याच्या कड्या मोजून झाल्या.
माझ्या खोलीतलं कपाट क्वार्टरचं, ते इथेच राहणार,
मागचा धूळरोळा काढायला ते सरकवलं
तर भिंतीवर, खाटेवर झोपलेल्या लेकराच्या डोळ्यांसमोर येईल
इतक्या खाली, एक भोक.
आमचं नाही.
भोवती फिकट उभा चौकोन,
कुणी काय टांगलं होतं इथे, कोणाकडे बघत झोपत होतं,
आणि त्याची आई कशी विसरली?
की विसरली नाही?

मी करंगळी आत घातली.
गार. चुना नखात आला.
काही झालं नाही, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही.

"सुवार्ता, फिलर उरलाय थोडा,
तुझ्या खोलीत काही राहिलंय का गं?"

नाही, मी म्हणते,
आणि खांदा लावून कपाट मागे ढकलते.